खोट्या जुनेपणाचा आरोप

इंग्लंडांतील सफक परगण्यांत बेरी सेंट एडमंड्स नांवाचा बाजारपेठेचा जुना गांव आहे. तेथील कॉर्नहिल या चौकांत बूट्स या औषधविक्रेत्या कंपनीनें १९११ च्या सुमारास एक दुकान बांधविलें. मायकेल व्हाइन ट्रेलीव्हन या वास्तुकारानें त्याच्या दर्शनी भागास ट्यूडर काळांतील लाकडी चौकटीच्या घरांचें रूप दिलें व त्यावर गांवाच्या इतिहासांतील राजांच्या मूर्ति बसविल्या. अशा इमारतींना ‘सोंग’ म्हणून नाक मुरडण्याची रीत कित्येक कलापंडितांत रूढ आहे. ती आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

या पंडितांचें शस्त्र रस्किनचें. १८४९ सालच्या ‘वास्तुकलेचे सात दीप’ या ग्रंथांत त्यानें सत्य हा एक दीप मानला आणि वास्तूंतील फसवणूक निषिद्ध ठरविली. तत्त्व आम्हांस शिरोधार्य आहे. पण फसवणूक घडावयास कोणी तरी फसला पाहिजे. येथें फसतो कोण? बाराव्या शतकांतील मॉयझेस हॉल ही अस्सल दगडी इमारत त्याच चौकांत उभी आहे. खरें नाणें शेजारीं ठेवून कोणी खोटें नाणें चालवीत नाहीं. रंगभूमीवर राजाचा वेश घेणाऱ्या नटास आपण लबाड म्हणतों काय?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जेसी बूट यानें गांवोगांवीं दुकानें काढलीं. तेव्हां स्थानिक इतिहासाची ही झूल म्हणजे परक्या भांडवलानें आणलेला घरगुतीपणाचा आव होय, असें म्हणतात. यांत स्वार्थ होता हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्या स्वार्थानें गांवाचा इतिहास जाणून घेण्याचे श्रम केले. ८६९ सालीं डेन लोकांकडून मारला गेलेला, गांवास आपलें नांव देणारा एडमंड राजा पुढें संत ठरला. त्याचा मठ १५३९ सालीं मोडण्यांत आला. त्या एडमंडाला या दुकानानें भर बाजारांत पुन्हा जागा दिली.

आज गांवोगांवीं शाखा काढणाऱ्या कंपन्या काय देतात? सर्वत्र तीच पाटी, तेंच प्लास्टिक, तोच रंग! जुन्याचें अनुकरण करणाऱ्या दुकानदाराची निंदा करावयाची आणि गांवाकडे ढुंकूनही न पाहणाऱ्यास मोकळें सोडावयाचें, हा न्याय आम्हांस समजत नाहीं.