प्रश्न कोणाला विचारायचा, हे कोण ठरवते?

जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाने मराठा समाज व खुल्या प्रवर्गातील कुटुंबांचे सर्वेक्षण केले. पनवेलमध्येही कर्मचारी मोबाईल घेऊन दारोदार फिरले. आमच्या वस्तीत एका घरी ते आले तेव्हा आम्ही तेथेच बसलो होतो. त्यांनी नाव विचारले, जात विचारली, दोन-चार ठिकाणी बोट टेकवले आणि ते उठले. घरातील आजी म्हणाल्या, "एवढ्यातच झालं बाबा? पलीकडच्या घरी तर चांगला अर्धा तास बसला होतास." कर्मचारी हसून म्हणाले, "आजी, मी काय करू? तुमची जात टाकली की पुढचे प्रश्न उघडतच नाहीत."

त्या सर्वेक्षणापुरते ते बरोबरच होते. ज्यांची माहिती हवी होती त्यांनाच सगळे प्रश्न विचारायचे होते. त्यात अन्याय शोधण्याचे कारण नाही. पण 'पुढचे प्रश्न उघडतच नाहीत' हे वाक्य मात्र तेव्हापासून आमच्या डोक्यातून जात नाही. कारण आता ज्या जनगणनेची १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे, ती देशाची पहिली मोबाईलवरची जनगणना आहे, आणि स्वातंत्र्यानंतर प्रथमच तीत सर्वांची जात नोंदवली जाणार आहे. तेव्हा प्रश्न कोणते आहेत एवढेच पाहून चालणार नाही. कोणता प्रश्न कोणासाठी उघडतो आणि कोणासाठी बंद राहतो, हेही चळवळीने पाहिले पाहिजे.

प्रत्येक मोठ्या प्रश्नावलीत 'जर-तर' असतेच. २०११ च्या जनगणनेत किती मुले जन्मली हा प्रश्न अविवाहित स्त्रीला विचारायचा नव्हता. ते योग्यच होते. सात वर्षांखालील मूल शाळेत जात असले, घडाघडा वाचत असले, तरी त्याची नोंद निरक्षर अशीच करायची होती. म्हणजे काही अटी माणसाची सोय पाहतात, तर काही अटी उत्तर आधीच ठरवून टाकतात. आमच्या पनवेल स्थानकातून एक गाडी कर्जतकडे जाते, एक रोह्याकडे, एक दिव्याकडे. डब्यात बसलेल्या माणसाला वाटते गाडी आपोआप वळली. ती आपोआप वळत नाही, सांधा कोणीतरी बदललेला असतो. प्रश्नावलीतील अट म्हणजे हा सांधा होय.

हे नुसते तर्काचे बोलणे नाही. हा सांधा आमच्या समाजाने चौतीस वर्षे भोगला आहे.

१० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी जाहीर झाली. त्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात अट होती की, हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारा कोणीही अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ साली तेथे शीख धर्माची भर पडली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपूरला लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. बौद्ध हा शब्द त्या परिच्छेदात यायला मात्र १९९० साल उजाडले. मधल्या १९६१, १९७१ आणि १९८१ या तीन जनगणनांत गणकाने धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिले की अनुसूचित जातीचा रकाना त्या माणसाला बंद होत असे. त्याची गरिबी तीच, गावाबाहेरची वस्ती तीच, विहिरीवरची अडवणूक तीच. पण जनगणनेच्या हिशेबी तो अनुसूचित जातीचा उरत नसे.

आता आकडे पाहा. १९८१ साली महाराष्ट्रात अनुसूचित जातींची लोकसंख्या सुमारे ४४ लाख ८० हजार, म्हणजे राज्याच्या ७.१४ टक्के नोंदली गेली. १९९१ साली ती सुमारे ८७ लाख ५८ हजार, म्हणजे ११.०९ टक्के झाली. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट! याच दहा वर्षांत राज्याची एकूण लोकसंख्या सव्वापटीच्या आसपास वाढली होती. मग ही एवढी माणसे आली कोठून? ती कोठून आली नाहीत. ती येथेच होती. १९९० च्या कायदादुरुस्तीने एक अट बदलली आणि बंद रकाना उघडला, एवढेच झाले.

एका रकान्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण सहा टक्के दाखवले गेले. त्या आकड्यावर विधानसभेच्या २८८ जागांपैकी अनुसूचित जातींसाठी १८ जागा राखीव झाल्या आणि २००४ च्या निवडणुकीपर्यंत त्या १८ च राहिल्या. २००१ च्या जनगणनेत बौद्धांचीही गणना अनुसूचित जातींत झालेली होती. त्या आधारे झालेल्या २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत या जागा २९ झाल्या. लोकसभेच्या ३ होत्या, त्या ५ झाल्या. १८ आणि २९ यांतील फरकाचे मोठे कारण हा बंद रकाना होता. आमचे किती आमदार त्या रकान्यात गडप झाले, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

त्या काळात आणखी एक नुकसान झाले. घरात बुद्धवंदना, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि सरकारी कागदावर मात्र 'हिंदू' अशी फरफट अनेक कुटुंबांनी स्वीकारली. महाराष्ट्र शासनाने नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या होत्या, पण केंद्राची नोकरी आणि राखीव जागा यांचे दार बंद होते. लेकराबाळांचे शिक्षण आणि नोकरी जाईल या भीतीने आईबापांनी धर्म झाकला. त्यांना दोष देण्याचा आम्हाला अधिकार नाही. परंतु १९९० नंतरही ती भीती गेली नाही, याचे दुःख आहे. आजही आमच्याकडे सुशिक्षित माणसे येऊन हळूच विचारतात, "वकीलसाहेब, जनगणनेत बौद्ध लिहिलं तर मुलाचा दाखला अडकणार नाही ना?"

त्यांना आम्ही कायदा सांगतो, तो येथेही सांगतो. जनगणना अधिनियम १९४८ च्या कलम ८ नुसार गणकाने विचारलेल्या प्रश्नाचे आपल्या माहितीप्रमाणे खरे उत्तर देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. त्याच अधिनियमाच्या कलम १५ नुसार जनगणनेतील वैयक्तिक नोंद गोपनीय असते. ती नोंद पाहण्याचा कोणाला अधिकार नाही आणि त्या अधिनियमाखालील खटला सोडला तर ती न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. जातीचा दाखला जनगणनेच्या नोंदीवरून मिळत नाही आणि त्या नोंदीवरून रद्दही होत नाही. म्हणून धर्म 'बौद्ध' असेच, निःशंकपणे, सांगावे.

खरी मेख पुढे आहे. अनुसूचित जातीत गणना व्हायची तर दोन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. धर्म हिंदू, शीख किंवा बौद्ध असावा आणि जात राज्याच्या यादीत असावी. आता महाराष्ट्राची यादी उघडून पाहा. तीत 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' नावाची जात नाही. ३७ व्या क्रमांकावर महार, मेहरा, तराळ, धेगू मेगू अशी नोंद आहे. मग जो धम्मबांधव स्वाभिमानाने धर्मही बौद्ध आणि जातही बौद्ध सांगेल, त्याच्यापुढे तो सांधा पुन्हा दुसऱ्या रुळाकडे वळू शकतो. १९८१ ला जे कायद्याने झाले, ते २०२७ ला आपल्याच उत्तराने होईल.

हा विषय नाजूक आहे, हे आम्ही जाणतो. जात टाकून धम्मात आलो, आता पुन्हा ते नाव तोंडाने का घ्यायचे, असा सवाल आमचे अनेक कार्यकर्ते करतात. त्यांच्या सवालाला वजन आहे. जातिअंताचा विचार सांगणाऱ्या महामानवाचे आपण अनुयायी आहोत. परंतु वकील म्हणून आम्ही एवढेच म्हणू की, दवाखान्यात जखम दाखवणारा माणूस जखमेचा अभिमान बाळगत नसतो. जातीचा रकाना ही आपली ओळख नव्हे. या व्यवस्थेने आपल्याला काय केले, त्याची ती नोंद आहे. ओळख धर्माच्या रकान्यात सांगावी, जखम जातीच्या रकान्यात दाखवावी. ज्यांना हे पटत नाही त्यांनी खुशाल वेगळा निर्णय घ्यावा, पण त्या निर्णयाने कोणता रकाना बंद होतो हे समजून घ्यावे.

कागदावरच्या जनगणनेत निदान एक सोय होती. छापील तक्ता गणकाच्या हातात असे आणि कोणता रकाना कोरा राहिला हे समोरच्याला दिसे. "साहेब, हे रिकामं का सोडलं?" असे विचारता येत होते. मोबाईलच्या पडद्यावर न उघडलेला प्रश्न दिसतच नाही. न दिसलेल्या प्रश्नाबद्दल तक्रार कोण करणार? यावेळी घरबसल्या स्वगणनेचीही सोय आहे. तेथे तर शेजारी गणकही नसेल. पडदा जे विचारील तेवढेच माणूस सांगेल.

आणि हा प्रश्न केवळ बौद्धांचा नाही. आमच्या रायगड जिल्ह्यातील कातकरी बांधवांचे पाहा. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही, म्हणून तो सांधा त्यांना आडवा येत नाही. त्यांना आडवे येते ते घराचे कुलूप. दिवाळीनंतर वाडीवरची कुटुंबे वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडी परततात. लोकसंख्येची मोजणी मात्र फेब्रुवारी महिन्यात, म्हणजे भट्ट्या ऐन भरात असताना. वाडीवर घर बंद आणि भट्टीवरची झोपडी कोणाच्या यादीत नाही, असे झाले तर प्रश्नावलीतील पहिल्याच पायरीवर ते कुटुंब गळते. पुढचे प्रश्न कितीही चांगले असोत, ते विचारायला माणूसच सापडलेला नसतो.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. जनगणनेचे प्रश्न राजपत्रात प्रसिद्ध होतात, त्याचप्रमाणे कोणत्या उत्तरानंतर कोणता प्रश्न उघडतो आणि कोणता बंद होतो, याचा पूर्ण तक्ता मराठीत, मोजणीपूर्वी, सर्वांसाठी प्रसिद्ध करावा. 'हिंदू, शीख, बौद्ध' ही तीन नावे प्रत्येक गणकाच्या प्रशिक्षणात पाठ करून घ्यावीत. नोंद कायम करण्यापूर्वी ती कुटुंबाला मोठ्याने वाचून दाखवावी. वीटभट्ट्या, बांधकामाची ठिकाणे आणि पुलाखालच्या वस्त्या यांच्यासाठी स्वतंत्र गणक नेमावेत.

सरकारकडे बोट दाखवून आपले काम मात्र संपत नाही. प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक तास या प्रश्नावलीला द्यावा. शिकलेल्या मुलामुलींनी पुढे बसावे आणि एकेक घर घेऊन उत्तरे भरून पाहावीत: विधवा आईचे घर, सून हिंदू आणि सासू बौद्ध असलेले घर, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या चार मुलांचे घर. कोठे गाडी अडते, कोठे वळते, ते लिहून काढावे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी द्यावे. पोहोच घ्यायला विसरू नये.

पनवेलहून निघालेला महामार्ग महाडला जातो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या तळ्याचे पाणी सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केलेला होता. ठराव कागदावर होता, पाणी मात्र बंद होते. २० मार्च २०२७ रोजी त्या संगराला शंभर वर्षे होतील. त्याच्या एकोणीस दिवस आधी जनगणनेची संदर्भ तारीख आहे. शताब्दीला महाडला जरूर जावे. पण जाण्यापूर्वी आपल्या घरातील प्रत्येक माणसाचा प्रत्येक रकाना उघडला होता की नाही, याची खात्री करून मगच घराबाहेर पडावे.

जयभीम!