ब्रेकला पोलादी जाळीचा पाइप बसवावा का?



पूर्वी आपल्या दारात बैलजोडी असे. आता तिच्या शेजारी, काही घरी तिच्या जागी, एखादी मोटार किंवा पिकअप उभी दिसते. सोलापूरच्या बाजार समितीत कांदा पोचवायचा, सांगोल्याकडची डाळिंबे हलवायची, तुळजापूरला दर्शनाला जायचे, नाहीतर घरातल्या वडीलधाऱ्यांना रात्री दवाखान्यात न्यायचे, या सगळ्या कामांना तीच गाडी. बैलांच्या खुराकाची आपण जशी काळजी घेतो तशी तिच्या ब्रेकची घ्यायला हवी. म्हणून आजचे पान त्यासाठी.

गावोगाव फिरताना तरुण मुले एक प्रश्न हमखास विचारतात. ‘साहेब, ब्रेकचे रबरी पाइप काढून पोलादी जाळीचे बसवले तर गाडी लवकर थांबते म्हणतात. बसवावेत का?’ हे पाइप दिसायला चकचकीत असतात आणि साध्या पाइपाच्या कित्येक पट किमतीला मिळतात. पैसा घामाचा आहे, तेव्हा उत्तर नीट समजून घेऊ.

आधी ब्रेक कसा लागतो ते पाहा. पायाने पायडल दाबले की मास्टर सिलिंडरमधल्या ब्रेक ऑइलवर दाब येतो आणि तो नळ्यांतून चारी चाकांपर्यंत पोचतो. या नळ्या बहुतेक अंतर पोलादाच्याच असतात. चाक वळते, खाली-वर होते, म्हणून चाकाजवळचा तेवढा आखूड तुकडा लवचीक ठेवावा लागतो. तोच हा रबरी पाइप. तो नुसता रबराचा नसतो. आत रबराचा थर, मध्ये विणलेल्या धाग्याचे थर आणि वर पुन्हा रबर, अशी त्याची बांधणी असते. आपल्याकडे या पाइपांसाठी आयएस ७०७९ हे भारतीय मानक आहे.

फवारणी पंपाची जुनी, मऊ पडलेली नळी दाब वाढला की फुगते आणि थोडा जोर नळी फुगवण्यातच जातो, हे आपण पाहिले आहे. ब्रेकचा रबरी पाइपही दाबाखाली किंचित फुगतो. पोलादी जाळीच्या पाइपात आत टेफ्लॉनची नळी आणि वर पोलादी तारांची वीण असते, म्हणून तो कमी फुगतो. त्यामुळे पायडल पायाला जरा घट्ट लागते. येथवर दुकानदाराचे म्हणणे खरे आहे. शर्यतीच्या गाड्यांत पुन्हा पुन्हा जोराचा ब्रेक मारावा लागतो. तेथे त्या घट्टपणाला किंमत आहे.

पण पायडल घट्ट लागणे वेगळे आणि गाडी कमी अंतरात थांबणे वेगळे. गाडीला शेवटी थांबवतो तो टायर आणि रस्ता यांच्यामधला पकडीचा जोर. पूर्ण ब्रेक दाबल्यावर चाके जाम होत असतील, किंवा नव्या गाडीत एबीएस सुरू होऊन पायडल थरथरत असेल, तर ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपुरती पोचली असे समजावे. त्यापुढे पाइप सोन्याचा बसवला तरी अंतर घटत नाही. रेशमी कासरा ओढला म्हणून चिखलात घसरणारे बैल थांबत नाहीत, तसेच हे. (एबीएस असलेल्या गाडीत पायडल थरथरले तर घाबरून पाय उचलू नये, दाबून धरावा.)

आता थोडा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना समोर गुरू आडवे आले. ते दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तरी तेवढ्यात गाडी सुमारे १७ मीटर पुढे जाते. मग कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी साधारण २० मीटर लागतात. एकूण ३७ मीटर झाले. वेग ८० असेल तर तोच हिशेब ५८ मीटरांवर जातो. वीस किलोमीटरच्या घाईने थांबण्याचे अंतर २१ मीटरांनी वाढले. हे अंतर पाइपाने भरून निघत नाही, ते वेग कमी ठेवूनच वाचवावे लागते. टायर गुळगुळीत असेल आणि पाऊस पडत असेल तर अंतर याहून पुष्कळ वाढते. टायरच्या खाचांत तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, टायर बदलण्याची वेळ झाली.

दुसरी गोष्ट ब्रेक ऑइलची. हे तेल हवेतले पाणी शोषते. सुकी चिंच पावसाळ्यात उघडी ठेवली की ओलावते, तसेच. डॉट ३ प्रतीचे ताजे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असे मानक आहे. तेच तेल सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यावर मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. मुंबईला जाताना खंडाळ्याचा बोरघाट उतरायचा, किंवा भरल्या गाडीने तुळजापूरचा घाट सोलापूरकडे उतरायचा, आणि सारा वेळ ब्रेकवर पाय ठेवायचा, तर चाकाशी उष्णता साठते. जुने तेल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, मग पायडल खाली जाते आणि ब्रेक लागत नाही. पोलादी जाळीचा पाइप ही वाफ रोखू शकत नाही. ताजे तेल, खालचा गिअर आणि बेताचा भार, हाच उपाय. तेल साधारण दर दोन वर्षांनी, किंवा गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेल्या मुदतीला बदलावे. डब्याचे झाकण फार दिवस उघडे राहिलेले तेल वापरू नये.

येथे शेतकऱ्याच्या घरात होणारी एक घोडचूक सांगतो. ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक तेल, इंजिन ऑइल किंवा रॉकेल मोटारीच्या ब्रेकच्या भांड्यात कधीही ओतू नका. आजच्या पुष्कळ ट्रॅक्टरांचे ब्रेक तेलात बुडालेले असतात, पण ते तेल निराळे. ते मोटारीच्या ब्रेकमध्ये गेले तर आतली रबरी सीले आणि पाइप फुगून निकामी होतात. घरात डबे शेजारी-शेजारी असतील तर त्यांवर ठळक अक्षरांत लिहून ठेवा.

मग पाइप कधी बदलायचा? जुना पाइप ही खरी जोखीम आहे, त्याकडे दुर्लक्ष नको. सपाट जागी गाडी उभी करून चाकांना दगडांची ओट लावा. स्टिअरिंग पूर्ण वळवले की पुढच्या चाकामागचा पाइप दिसतो. तो बोटांनी हलकेच वाकवून पाहा. भेगा, ओल, टायरला घासल्याच्या खुणा, किंवा कुणी ब्रेक दाबल्यावर येणारा फुगवटा दिसला तर गाडी बाहेर काढू नका, मिस्त्री बोलवा. पाइप वरून चांगला आणि आतून सुजलेला असू शकतो. तेव्हा तेल चाकाकडे जाते, पण सहज परत येत नाही. ब्रेक लागलेला राहतो, एक चाक तापते, गाडी एका बाजूला ओढते. अशी खूण दिसली तर पाइपाची शंका घ्यावी आणि बाकीचे ब्रेकही तपासून घ्यावेत.

पायडल मऊ लागते म्हणून लगेच महाग पाइप घेऊ नका. बहुधा तेलात हवा शिरलेली असते, मागच्या ड्रमचे ब्रेक सैल झालेले असतात, किंवा मास्टर सिलिंडरची सीले गेलेली असतात. पायडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत गेले तर गाडी त्या दिवशी वापरू नये. मिस्त्री काम करताना कॅलिपर पाइपावर लोंबता ठेवत असेल तर त्याला थांबवा, तारेने बांधायला सांगा.

पोलादी जाळीच्या पाइपाचा एक दोषही माहीत हवा. आतली नळी खराब झाली तरी वरून दिसत नाही. उघड्या विणीत रस्त्याची माती आणि कचखडी अडकून घासते, आणि तारा शेजारच्या भागालाही घासतात. मानकाची खूण नसलेला स्वस्त पाइप तर मुळीच नको.

तेव्हा माझा सल्ला असा. साध्या घरगुती गाडीला हा खर्च करू नका. हातात पैसा असेल तर त्याचा क्रम लावा. पहिले टायर, मग ब्रेक पॅड आणि लायनर, मग ताजे ब्रेक ऑइल आणि हवा काढणे, आणि जुने झालेले रबरी पाइप कंपनीचे नवे. हे चारही करून पैसा उरला आणि हौस असेल तर निर्णय तुमचा. कांद्याच्या गोण्या भरण्याआधी, किंवा पंढरीच्या वाटेला माणसे घेऊन निघण्याआधी, या आठवड्यात एकदा गाडीखाली वाकून तेवढा पाइप बघा. त्याला एक पैसाही लागत नाही.