अवे मॅच, व्हाया पनवेल

सोमवारी सकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये हा प्राणी हमखास भेटतो. डोळे तांबारलेले, घसा पार बसलेला, शर्ट मात्र कडक इस्त्रीचा (तो शुक्रवारीच ड्रॉवरमध्ये घडी करून ठेवलेला असतो). हातात काजूची पिशवी, अर्थातच बॉससाठी. ‘काय रे, गोवा? ऐश आहे बुवा तुझी!’ असं कुणीतरी म्हणतंच. तो बिचारा नुसता हसतो. कारण या पठ्ठ्यानं गोव्यात समुद्र पाहिलेलाच नाही, हे सांगितलं तरी कुणाला पटणार नाही. त्यानं पाहिलं मडगाव स्टेशन, फातोर्ड्याचं स्टेडियम आणि पुन्हा मडगाव स्टेशन. मधल्या तीन-चार किलोमीटरसाठी पायलट. घाबरू नका, गोव्यात मोटारसायकलवर भाडं मारणाऱ्याला पायलट म्हणतात.

तर हा आपला अवे मॅचवाला. फुटबॉलवेड्यांची आपल्या शहरात वानवा नाही. शनिवारी रात्री लोअर परळच्या कुठल्याही पबमध्ये डोकवा, लिव्हरपूलच्या लाल टी-शर्टात अख्खी टोळी बसलेली असते. त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही. पण त्यांचा प्रवास अंधेरी ते परळ एवढाच. आपल्या शहराच्या टीमच्या मागे दुसऱ्याच्या गावात जायचं, हजारो माणसं एका बाजूला आणि आपण मूठभर एका कोपऱ्यात, तिथे उभं राहून बोंबलायचं आणि मंगळवारच्या आत पुन्हा खुर्चीत हजर व्हायचं, ही वेगळीच जात आहे.

मुंबई सिटीच्या चाहत्याला एके काळी हे बरंच सोपं होतं. २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा एफसी पुणे सिटी पण होती. बालेवाडीला मॅच म्हणजे सकाळी उठून इंद्रायणी पकडा, कर्जतला वडा खा, रात्री मॅच संपली की एक्स्प्रेस-वेवरून एसटीनं घरी. आईला कळायचंसुद्धा नाही. २०१९ मध्ये पुण्याचा तो क्लब बंद पडला, आणि तेव्हापासून मुंबईकराची सगळ्यात जवळची आयएसएलची अवे मॅच म्हणजे गोवा. जवळची म्हणजे किती? रेल्वेनं पावणेसहाशे किलोमीटरच्या वर!

तिथे जायला काही प्रॉब्लेम नाही. कोकणकन्या जणू नोकरी करणाऱ्या फुटबॉलप्रेमींसाठीच काढलीय. शुक्रवारी ऑफिस आटपा, टेबलाखालची सॅक उचला, जेवून रात्री अकराच्या सुमारास सीएसएमटीला बसा (किंवा ठाण्याला, पनवेलला), झोपा, सकाळी गोव्यात. ज्यांना झोपेपेक्षा पोट प्यारं त्यांच्यासाठी मांडवी आहे. तिच्या पॅण्ट्रीची ख्याती मी नव्यानं सांगायला नको. पण मांडवी मडगावला पोचते संध्याकाळी, आणि कोकण रेल्वेचा मार्ग आजही बहुतेक एकेरी आहे. एखाद्या आडबाजूच्या स्टेशनात गाडी क्रॉसिंगला लागली की तुम्ही दारात उभे राहून समोरून येणाऱ्या गाडीची वाट बघता आणि तिकडे फातोर्ड्यात टीम वॉर्म-अपला उतरलेली असते. मॅचच्या दिवशी मांडवीनं जाणं हे धाडस आहे. खाण्यासाठी परतीला वापरा.

खरी गोची परतीची. मॅच सुरू होते साडेसातला आणि संपते सव्वानऊ-साडेनऊला. कोकणकन्या मडगावहून निघते संध्याकाळीच. म्हणजे रेफ्रीची शिट्टी वाजायच्या आधी तुमची गाडी फलाटावरून हललेली! दक्षिणेकडून मुंबईला येणाऱ्या गाड्या रात्री मडगावला थांबतात खऱ्या, पण त्या आधीच्या स्टेशनांवरून भरून येतात आणि रोजच्या रोज त्यांची वेळ मॅचशी जमत नाही. मग उरते दुसऱ्या दिवशी दुपारची वंदे भारत, जी रात्री साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला आणून सोडते. शनिवारची मॅच असेल तर हे गणित एकदम फिट्ट! शुक्रवारी रात्री निघायचं, रविवारी रात्री घरी. एक सुट्टी खर्च नाही. रविवारची मॅच असेल तर एक सुट्टी. आणि बुधवारची असेल तर... बुधवारचं सांगतो पुढे.

आता मुद्द्याचं. गाडी कुठली घ्यायची हे ठरवायला मॅच कधी आहे हे माहीत असावं लागतं, आणि तिथेच सगळं अडतं. रेल्वेचं बुकिंग उघडतं ६० दिवस आधी. (१ नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते १२० दिवस होतं.) सकाळी आठला खिडकी उघडते आणि कोकणातल्या गाड्यांचं काय होतं ते प्रत्येक चाकरमान्याला ठाऊक आहे. आणि आपल्या लीगचं वेळापत्रक? २०२४-२५ चा सीझन सुरू झाला १३ सप्टेंबर २०२४ ला. तारखा जाहीर झाल्या ऑगस्टच्या अखेरीस, त्यासुद्धा फक्त डिसेंबरपर्यंतच्या. म्हणजे पहिल्या मॅचला तीन आठवडेसुद्धा नाहीत! त्या वर्षी ७ सप्टेंबरला गणपती होते. ज्यांना गावी जायचं होतं त्यांनी मे महिन्यातच तिकिटं काढून ठेवली होती. गणपती आपली तारीख पंचांगात कितीतरी आधी देऊन ठेवतात. लीगला ते जमत नाही. त्यात कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरपर्यंत होतं. त्या दिवसांत गाड्या हळू पळतात, वंदे भारत आठवड्यातून तीनच दिवस धावते. सीझनची सुरुवात नेमकी त्यातच. २०२५ मध्ये तर हद्दच झाली. सीझन होणार की नाही, हेच महिनोन्महिने ठरत नव्हतं. कसलं बुकिंग नि कसलं काय.

हे काय फार मोठं दुःख आहे, असं वाटेल तुम्हाला. थोडा हिशोब करू. पहिल्या नोकरीतला मुलगा किंवा मुलगी. वर्षाच्या सुट्ट्या मोजक्या, त्यातल्या दोन भावाच्या लग्नाला, चार दिवाळीला. अवे मॅचसाठी फार तर तीन उरतात. एका तिकिटावर जास्तीत जास्त सहाच नावं बसतात, म्हणजे वीस जणांच्या ग्रुपला चार तिकिटं आणि चार जणांनी आठ वाजता मोबाइल घेऊन तयार बसायचं. तारीख बदलली की चारही रद्द, आणि रद्द करायला जितका उशीर तितके पैसे जास्त कापणार. ऑनलाइन काढलेलं तिकीट वेटिंगवरच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं. वीसमधल्या सातांना जागा नाही मिळाली तर ते सात घरी, आणि पुढच्या वेळी विचारलं की ते म्हणतात, ‘बघू रे.’ ‘बघू रे’ म्हणणारे वाढले की तो कोपरा रिकामा होतो. क्लबला याचा एका पैशाचा तोटा होत नाही, कारण तिकीट विकणारा यजमान क्लब वेगळा. टीव्हीवर तर तो कोपरा तसाही दिसत नाही. म्हणूनच ओरडणारं कुणी नाही.

तर बुधवार. २४ एप्रिल २०२४, फातोर्डा, सेमीफायनलचा पहिला सामना. मुंबईसमोर गोवा येणार की चेन्नईयिन, हे ठरलं २० एप्रिलच्या शनिवारी रात्री. तोवर मुंबईकराला कळत नव्हतं की मडगावचं तिकीट बघायचं की चेन्नईचं! दोन्ही गाड्यांच्या दिशासुद्धा वेगळ्या. मग गोवा जिंकली आणि हातात उरले चार दिवस. ऐन उन्हाळी सुट्टी. आंबे, लग्नं, गावचे उत्सव, शाळा संपलेली पोरं... कोकणच्या गाड्या चार महिने आधीच भरलेल्या. एकच आशा, तत्काळ. ते उघडतं आदल्या दिवशी, एसीचं सकाळी दहाला, बाकीचं अकराला. म्हणजे मंगळवार रात्रीच्या गाडीसाठी सोमवारी सकाळी, नेमकं आठवड्याच्या मीटिंगच्या वेळेला.

अशा वेळी घरून एक प्रश्न येतो, आणि तो चुकीचा नाही. ‘मॅच टीव्हीवर दिसत नाही का रे?’

दिसते ना. त्या रात्री टीव्हीवर दिसलं ते असं: ९० मिनिटं होत आली तरी गोवा २-० नं पुढे. मग लालियानझुआला छांगतेचा गोल. पाठोपाठ विक्रम प्रताप सिंगचा, २-२. आणि इंज्युरी टाइमच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगते. ३-२! सहा-सात मिनिटांत तीन गोल. सोफ्यावर बसलेल्यानं उडी मारली असेल, शेजाऱ्यानं भिंत ठोकली असेल. पण अख्खं फातोर्डा गप्प झालेलं आणि फक्त एका कोपऱ्यातून आवाज येतोय, त्या आवाजातला एक आपला, हे सोफ्यावर मिळत नाही. दोन दिवसांची सुट्टी, एक झोप नसलेली रात्र आणि कापलेला पगार यांच्या बदल्यात ही सात मिनिटं. मला तरी सौदा स्वस्त वाटतो. (आणि गर्दी टाळायला पंच्याऐंशीव्या मिनिटाला गेटबाहेर पडण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी ती सोडावी, काय?)

पुढे काय झालं तेही बघा. २९ एप्रिलला, सोमवारी, अंधेरीत मुंबई २-० जिंकली. फायनल ४ मेला कोलकात्यात. मध्ये पाच दिवस, आणि हावड्याला रेल्वेनं जायला एक दिवसाहून जास्त. विमान म्हणाल तर ऐन मे महिन्यात आयत्या वेळचं भाडं! मुंबई ती फायनल मोहन बागानविरुद्ध ३-१ नं जिंकली, सॉल्ट लेकच्या त्या अफाट स्टेडियममध्ये. मुंबईहून तिथवर पोचलेल्या प्रत्येकाला माझा कडक सॅल्यूट.

हे रडगाणं फक्त आपलंच आहे असं समजू नका. जर्मनीत, जिथे गाड्या ढिगानं आहेत आणि बहुतेक क्लबांच्या मॅचच्या तिकिटावरच लोकल प्रवास फुकट असतो, तिथेही चाहते पेटले होते. कारण सोमवारच्या रात्रीच्या मॅचेस. टीव्हीला हव्या म्हणून ठेवलेल्या. सोमवारी रात्री दुसऱ्या टोकाच्या शहरात मॅच म्हणजे अवे चाहत्याची कामावरची दांडी ठरलेली. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रेक्षकांनी मैदानावर टेनिसचे बॉल फेकून खेळ थांबवला. पुढच्याच सोमवारी डॉर्टमुंडच्या घरच्या प्रेक्षकांनी पाठ फिरवली आणि एरवी खच्चून भरणाऱ्या स्टेडियममध्ये हजारो खुर्च्या रिकाम्या दिसल्या. त्याच वर्षी क्लबांनी ठरवलं आणि २०२१-२२ पासून बुंडेसलिगातून सोमवार गेला. तिथे चाहत्यांच्या कामाच्या दिवसाला किंमत आली ती अशी.

आपल्याकडे टेनिसचे बॉल फेकून काही होणार नाही, पोलीस उचलतील. मागणीही तेवढी मोठी नाही. तारखा ६० दिवस आधी द्या आणि दिल्यावर हलवू नका. शेजारच्या शहरांच्या मॅचेस शनिवारी ठेवा, त्यातही जमलं तर संध्याकाळी पाचची वेळ द्या, म्हणजे रात्री मडगावला थांबणाऱ्या गाड्यांपैकी एखादी तरी हाताशी येईल. सेमीफायनलला चार दिवसांत धावपळ होणारच, ते कुणाच्या हातात नाही. पण साध्या लीग मॅचला तरी लोकांना ताटकळत ठेवू नये. एवढं एक पान छापायला सॅटेलाइट लागत नाही!

तोवर जे पहिल्यांदा निघताय त्यांच्यासाठी अनुभवी मंडळींचे दोन शब्द. परतीची वंदे भारत शुक्रवारी नसते, गुरुवारच्या मॅचला तिच्या भरवशावर राहू नका. ढोल आणि मोठे बॅनर न्यायचे असतील तर यजमान क्लबला आधी विचारा, नाहीतर गेटवर ढोल बाहेर आणि तुम्ही आत. परतीच्या गाडीत करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, मोबाइलची रेंज जाते, तेव्हा बॉसला ‘उद्या थोडा उशीर होईल’ हा मेसेज त्याआधीच पाठवा. आणि ६० दिवस मोजताना प्रवासाचा दिवस धरायचा नाही. गजर सकाळी पावणेआठचा.