आपल्या वेडाची माणसे

छंद असणे वाईट नाही; पण त्या छंदाबद्दल बोलायला गावात दुसरे माणूस नसणे ही मात्र मोठीच आपत्ती! मी जुन्नरला मराठी शिकवतो आणि सुटीच्या दिवशी मानमोडी, तुळजा, लेण्याद्री येथल्या लेण्यांतून ब्राह्मी अक्षरे लावीत हिंडतो. आमच्या घरात याला ‘दगड वाचणे’ म्हणतात.

मोठ्या समाजमाध्यमांवर मी त्या अक्षरांची छायाचित्रे टाकून पाहिली. ‘छान, सर!’ यापलीकडे उत्तर नाही, आणि घटकाभरात ते चित्र जाहिरातींच्या नि भांडणांच्या पुरात वाहून जाई. अखेर घोडेगावच्या एका माजी विद्यार्थ्याने मला मॅस्टोडॉनवर नेले.

वाचकहो, नावाला भिऊ नका. जर्मनीतल्या ऑयगन रोचको या तरुणाने २०१६ साली हे सुरू केले. येथे सगळ्यांचा मिळून एक मालक नाही. लहानमोठे हजारो सर्व्हर म्हणजे जणू निरनिराळे वाडे. प्रत्येकाचा चालक वेगळा, नियम वेगळे. पण ॲक्टिव्हिटीपब नावाची एक समाईक रीत सारे पाळतात, म्हणून या वाड्यातले पत्र त्या वाड्यात बिनचूक पोचते.

मात्र येथे कुणी आयते ताट वाढीत नाही. पहिले आठ दिवस मी ओसरीवर एकटाच बसून होतो. “सर, आधी ओळख तर सांगा!” विद्यार्थी म्हणाला. ओळख लिहिली, खाली ‘#ब्राह्मी’, ‘#शिलालेख’ असे खुणेचे शब्द जोडले. त्याच खुणांवरून येथे माणूस माणसाला सापडतो. चित्राखाली अंध वाचकांसाठी वर्णन लिहिण्याची तेथली पद्धत आहे. ते लिहायला बसलो, तेव्हा कळले की अक्षर आपण नीट पाहिलेच नव्हते! एके दिवशी कुण्या अनोळखी छंदिष्टाचे उत्तर आले: ‘भर दुपारी नको, तिरप्या उन्हात चित्र घ्या.’ पुढच्या रविवारी घेतले, आणि दोन वर्षे अडलेले अक्षर लख्ख उमटले. त्या संध्याकाळी मी घरी पेढे आणले. कशाचे, ते कुणाला समजले नाही.

आणि मग तो वाडाच बंद झाला. एक गृहस्थ पदरमोड करून तो चालवीत होते, त्यांना झेपेना. तीन महिने आधी त्यांनी रीतसर कळवले. स्नेहीमंडळी नव्या घरी नेता आली. पण जुन्या नोंदींची प्रत तेवढी उतरवून घेता आली, त्या नव्या घरी मांडता आल्या नाहीत.

वाईट वाटले, आणि लाजही वाटली. मी तेथे इतकी वर्षे राहिलो, पण कधी एक पै दिली होती? जुन्नरच्याच एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे नि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. ती मी विद्यार्थ्यांना किती वेळा वाचून दाखवली असेल! टाके कुणीतरी खोदवले म्हणून वाटसरूला पाणी मिळाले, एवढा साधा अर्थ मला लागला नव्हता.

नव्या वाड्यात मी पहिल्याच महिन्यात वर्गणी भरली. आता आमच्या सौभाग्यवतींच्या हिशेबाच्या वहीत ओळीने लिहिलेले असते: दूध, किराणा, दगड.