ऐरणीवरचीं तीस वर्षें

यशाचा प्रश्न निघाला कीं आमचे विद्यार्थी बहुधा नांवलौकिकाकडे बोट दाखवितात. मला हें मत मान्य नाहीं. कॅनडांतील टोराँटो शहरचा 'अ‍ॅनव्हिल', म्हणजे ऐरण, हा वाद्यवृंद पहा. किशोरवयापासूनचे मित्र स्टीव्ह कडलो व रॉब रायनर यांनीं तो १९७८ सालीं उभारला. संगीत 'हेवी मेटल' जातीचें. माझ्या कानांस तें सोसत नाहीं, हें कबूल करतों. परंतु १९८२ सालच्या 'मेटल ऑन मेटल' ह्या ध्वनिमुद्रिकेनें जाणकारांत त्यांचा बोलबाला झाला, आणि १९८४ सालीं जपानांत स्कॉर्पियन्स, बॉन जोव्ही इत्यादिकांसमवेत ते एकाच महोत्सवांत वाजले.

पुढें बरोबरीचे गडगंज झाले; हे मागें पडले. गायक कडलो शाळांना जेवण पोंचवी, तालवादक रायनर बांधकामावर राबे. वाद्यें मात्र खालीं ठेविलीं नाहींत. तेरावा संग्रह काढावयास पैसा नव्हता, तो कडलोच्या बहिणीनें उसना दिला. अशा निष्ठेची किंमत घरच्यांसहि भरावी लागते, आणि ती लहान नसते.

२००८ सालीं साशा गर्वासी यांनीं त्यांच्यावर चित्रपट काढला. हे गृहस्थ पोरवयांत त्यांच्याच दौऱ्यांत सामान वाहत असत. चित्रपटानें मंडळींस तारलें, असें तेव्हांपासून म्हणतात. प्रसिद्धि त्यानें दिली, हें खरें. पण मधलीं तीस वर्षें नसतीं, तर गर्वासींनीं दाखविलें काय असतें? आणि बहिणीनें पैसे मोजून दिले, तेव्हां तो चित्रपट कोणीं पाहिला होता?