मोजणी कोणाच्या साक्षीनं?

युक्रेन आणि गाझाच्या बातम्यांवरून आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोद्यात वाद झडतात. एक म्हणतो, सैन्य घुसवा. दुसरा म्हणतो, व्यापार तोडा, शरण येतील. मी इथंच शिक्षकी केली. सोमावल, रोझव्याच्या वसाहतींतली मुलं माझ्या वर्गात होती. सरदार सरोवर धरणानं उठवलेल्या त्यांच्या आईबापांनी घराचे सागाचे खांब मणिबेलीकडून उचलून आणले होते; नदी आणि वनजमिनीवरचं नेवाडाचं शेत तिकडंच राहिलं. धरण म्हणजे युद्ध नव्हे, मान्य. पण माणसं उठवताना बळ, पैशाची कोंडी आणि बोलणी, तिन्ही इथं वापरून झाली आहेत.

सरदार सरोवराच्या बुडितात अक्कलकुवा आणि अक्राणीतली 33 गावं आली. 1993 मध्ये मणिबेलीत पोलीस बंदोबस्तात घरं मोडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात चिंचखेडीत सर्वेक्षणावरून गोळीबार झाला, एक आदिवासी मुलगा गेला. तरी लोक हटले नाहीत, टेकडीवर चढून झोपड्या बांधून राहिले.

पैशाची कोंडीही त्याच वर्षी झाली. जागतिक बँकेनंच नेमलेल्या मोर्स समितीच्या अहवालानं पुनर्वसनाचे वाभाडे काढले होते आणि मार्च 1993 मध्ये बँकेचं उरलेलं कर्ज रद्द झालं. नर्मदा बचाव आंदोलनाचा तो मोठा विजय होता, मी तो कमी लेखत नाही. पण धरणाला दुसरीकडून पैसा मिळाला, आणि बँकेनं घातलेल्या अटींचा दाबही गेला. रशियावरच्या निर्बंधांकडं मी याच नजरेनं बघतो: ते हवेतच, पण त्यांनी कोणाचं घर परत मिळत नाही.

जमिनीचा प्रश्न हलला तो 2001 नंतर. शासनाचे अधिकारी आणि नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते एकत्र गावोगाव बसले. प्रकल्पग्रस्त म्हणून घोषित कोण, अघोषित कोण, सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरला की नाही, हे गावकऱ्यांसमोर तपासलं गेलं. मोजणी तीच, जिच्यापायी चिंचखेडीत गोळी सुटली होती. हे अधिकारी आपणहून आले नव्हते. वर्षानुवर्षं पाण्यात उभं राहून केलेल्या सत्याग्रहांनी त्यांना बसवलं. दाबाशिवाय बोलणी होतात, असं मी म्हणणार नाही. आणि बोलण्यांनी सगळं मिटलं असंही नाही: 2017 मध्ये धरणाचं लोकार्पण झालं, तेव्हाही जमिनीचे दावे शिल्लक होते.

म्हणून शांततेच्या वाटाघाटींची बातमी आली की मी आधी बघतो, टेबलाशी घरं गमावलेले लोक आहेत का. गाझाच्या उभारणीचे आराखडे परक्या राजधान्यांत ठरतात, तेव्हा मला संताप येतो. कोणाचं घर कुठं होतं, हे गाझातल्या बायाबापड्यांना विचारून लिहायला आजच सुरुवात व्हावी. तहाची वाट कशाला बघायची?