कप्पे वाढवण्याआधी

पावसाळा तोंडावर आला की कॅम्पर ट्रेलरवाल्यांचा एकच प्रश्न असतो: आणखी कप्पे कुठे काढता येतील? जूनमध्ये मुळशी-ताम्हिणीकडे निघायचे म्हणून प्लाय, सनमायका, ड्रॉवरचे चॅनेल अशी खरेदी सुरू होते. आमचा सल्ला विरस करणारा आहे. मुळशीला जाणाऱ्या ट्रेलरमधली एक-दोन कपाटे आधी काढून टाका.

आपले बहुतेक आराखडे परदेशी व्हिडिओंवरून उचललेले असतात, आणि त्यांतले पुष्कळसे कोरड्या हवेतले. जुलै 2024मध्ये ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या घरात पाऊस झाला. अशा ठिकाणी घट्ट दाराच्या कपाटात दोन रात्री ठेवलेले पांघरूणसुद्धा कुबट होते. मावळातल्या जुन्या घरात कपडे वळणीवर आणि दूध-दही शिंक्यात असे, ते उगीच नव्हे. भिंतीवर जाळी, छताखाली ताणलेली दोरी, कापडी खिसे यांवर बरेच भागते. बाकाखालचे खण ठेवायचेच असतील तर त्यांच्या प्लायला होल-सॉने भोके पाडा आणि गादीखाली फळीऐवजी पट्ट्या ठोका. कापलेली प्रत्येक कड मात्र सील करा. मरीन प्लायही कडेनेच पाणी पितो.

दुसरा शत्रू वजन. 19 मिमीचा आठ बाय चारचा एक प्लाय 35 किलोच्या पुढे जातो, 6 मिमीचा साधारण 12 किलो. असे तीन जाड तक्ते चढवले तर ताटवाटी ठेवण्याआधीच एक धडधाकट माणूस आत बसला म्हणायचा. जड सामान खाली आणि अ‍ॅक्सलच्या आसपास हवे. मागच्या भिंतीला कपाट लावून तिथे डबे-भांडी भरली की हिचवरचा भार घटतो आणि वेग वाढला की ट्रेलर हेलकावू लागतो. एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार हिचवर असावा. गाडीच्या टो-बारची मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच पाळायची. घाटातल्या वळणांवर मॅग्नेट कॅच टिकत नाही. ड्रॉवरला दाबून उघडायचे लॅच किंवा साधी कडी लावा.

कायद्याचे थोडक्यात. मोटार वाहन कायदा 1988च्या कलम 52नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019मध्ये त्यावर कडक भूमिका घेतली. चासी, अ‍ॅक्सल, बाहेरची मापे यांना हात लावू नका. (मुळशीला नेणारा पौड रस्ता कोथरूडला वाहने तपासणाऱ्या एआरएआय संस्थेच्या टेकडीजवळूनच जातो, हेही असू द्या ध्यानात.)

सिलिंडरची जागा मात्र आम्ही चर्चेला ठेवत नाही. बाकाखाली गादीच्या आड ठेवलेला पाच किलोचा सिलिंडर कितीही सोयीचा वाटो, गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर तळाशी साचतो. त्याला बाहेरून उघडणारा स्वतंत्र खण हवा. त्या खणाच्या तळाला थेट बाहेर जाणारा झरोका हवा, आतल्या बाजूला फटसुद्धा नको.

पावसाळी अंकासाठी आराखडे पाठवताना मापांसोबत प्रत्येक कप्प्याचे रिकामे आणि भरलेले वजन लिहावे. वजन नसलेला आराखडा छापला जाणार नाही.